आई बोलतच राहिली

“तुमच्या घरी नेटवर्क कितपत वाईट आहे?” हा प्रश्न मला कुणी एवढ्या आशेनं विचारेल असं कधी वाटलं नव्हतं.

विचारणाऱ्या बाई फिनलंडमध्ये होत्या आणि मी कोल्हापुरात, कॉलेजच्या लायब्ररीत, इस्त्रीचा ड्रेस घालून लॅपटॉपसमोर मुलाखतीला बसले होते. मी खरं ते सांगून टाकलं. आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, वाघखोल म्हणून आमचं गाव. टॉवर खिंडीपलीकडे. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पिठाच्या गिरणीच्या पायरीवर उभं राहिलं तर दोन कांड्या मिळतात, घरात आलं की एक, आणि पावसाळ्यात तीही देवाच्या भरवशावर. आई फोनवर बोलते तेव्हा निम्मी वाक्यं मला माझ्याच मनानं पुरी करावी लागतात.

“अगदी हेच आम्हाला हवंय,” बाई म्हणाल्या.

अशा रीतीनं कुमारी सुकन्या शंकर होडगे, एम.टेक.चं दुसरं वर्ष, हिची रेव्होन्तुली संगणन प्रयोगशाळेत उन्हाळ्यापुरती निवड झाली. माझ्याहून हुशार पोरांना पुण्याचं चांगलं नेटवर्क नडलं.

प्रयोगशाळा म्हणजे समुद्राकाठच्या एका शांत गावातली बसकी लाकडी इमारत. बाईंचं नाव इर्या लेहतोनेन. तिकडे सगळे सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारतात. मला ते काही केल्या जमेना. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, अख्ख्या विषयात नाव असलेल्या बाईंना नुसतं “इर्या” म्हणायला जीभ रेटेना. मी “मॅडम” म्हणायची आणि त्या दर वेळी मागे वळून बघायच्या, कोण मॅडम आली म्हणून.

त्यांच्या यंत्रणेचं नाव होतं सिल्ता. त्यांच्या भाषेत सिल्ता म्हणजे पूल.

काम समजायला अवघड नाही. फोनवर आपला आवाज सलग जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, एका सेकंदाचे पन्नासेक, आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घातल्यासारखा वेगळा रवाना होतो. वाटेत काही पाकिटं हरवतात. दोन-चार हरवली तर जुन्या यंत्रणा आधीचाच तुकडा पुन्हा वाजवून वेळ मारून नेतात. जास्त हरवली की आवाज घोगरा होतो, तुटतो, आणि आपण “हॅलो, हॅलो” करत अंगणात पळतो. सिल्तानं वेगळी वाट धरली होती. आईच्या आवाजाचा एक नमुना माझ्या फोनमध्ये राहणार आणि माझ्या आवाजाचा आईच्या फोनमध्ये. आमच्या रोजच्या बोलण्यावरून ते नमुने शिकत जाणार. पाकीट हरवलं की माझ्या फोनमधला नमुना आधीचं बोलणं बघून अंदाज बांधणार, आई आता काय म्हणाली असेल, आणि तेवढा आवाज स्वतःच तयार करून मधली फट भरणार. अर्ध्या अक्षराची फट असेल तर अर्धं अक्षर, शब्दाची असेल तर शब्द.

“आणि वाक्याची असेल तर?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“तर गप्प बसेल,” इर्याबाई म्हणाल्या. “प्रत्येक अंदाजाबरोबर नमुना आपली खात्री किती तेही मोजतो. खात्री कमी झाली की भरणं बंद, आणि ‘लाईन खराब आहे’ अशी सूचना. दोन-तीन शब्दांपुढे खात्री टिकतच नाही. माणसं काय बोलतील याचा नेम नसतो ना.”

मला ते पटलं. म्हणजे मर्यादा वेळेची नव्हती, खात्रीची होती. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आईच्या फोनमध्ये सिल्ता बसवायला गडहिंग्लजहून धनाजीदादा गेला. हा माझा चुलतभाऊ, त्याचं तिथे औषधांचं दुकान आहे. डोंगरातल्या नेटवर्कला दर वेळी नव्यानं फोन जोडणं झेपत नाही, म्हणून आमचा फोन एकदाच जोडून ठेवला. तो दिवसभर झोपायचा आणि वाघखोलच्या दिवेलागणीला दोन्हीकडे आपोआप जागा व्हायचा. आईला काही दाबायला नको, हा त्यातला मोठा फायदा. त्या वेळी माझ्याकडे टळटळीत दुपार उलटत असायची, आणि तिकडच्या उन्हाळ्यात ती रात्रीपर्यंत उलटतच राहायची.

पहिल्या दिवशी आई ओरडलीच. “अगं बया, शेजारच्या खोलीत बसल्यागत ऐकू यालंय की!”

मलाही भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईचं वाक्य मला अख्खं ऐकू येत होतं. मागे गिरणीची घरघर होती, आणि पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना वाजणारी टकटकसुद्धा.

“जेवलीस काय?” आईनं विचारलं.

“हो गं. तू?”

“व्हायचंय. आप्पा गिरणीत हायत. थंडी हाय काय तिकडं?”

“आहे थोडी.”

“सेटर घाल. काळजी घे. आप्पा बरं हायत. ठिवू?”

दुसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या दिवशीही. कधी भात काय केला होता ते यायचं, कधी कुणाच्या म्हशीला रेडकू झालं ते, पण चाल तीच. आमच्या घरात लांबच्या माणसाला वाईट सांगायचं नाही अशी रीत आहे. मामा गेला तेव्हा माझी बारावी होती, मला शेवटचा पेपर झाल्यावर कळलं. मीही त्याच घरातली. पहिला आठवडा मी खोलीत उशीत तोंड खुपसून रडत होते आणि आईला “मस्त चाललंय” सांगत होते. शिवाय आई फोनवर जे जे करायला सांगेल त्याला मी “हो आई, करते” म्हणायची. डोक्याला तेल लाव, हो आई. सोमवार धर, हो आई. हो म्हटलं की विषय मिटतो, हे सगळ्याच लेकरांना ठाऊक असतं.

सिल्ता हे सगळं शिकत होती. पंधरवड्यात इर्याबाई माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. त्यांच्याकडे इतर देशांतल्या जोड्याही होत्या, नवरा-बायको, मित्र, भावंडं. सगळ्यांची खात्री थोड्या शब्दांत कोसळत होती. आमची खाली येतच नव्हती.

“तुमचं आणि तुमच्या आईचं काय आहे?” त्यांनी कौतुकानं विचारलं. “नमुना वाक्यंच्या वाक्यं बरोबर ओळखतोय. कधी कधी तर फट होती हे सांगताही येत नाही.”

“आमचं प्रेमच तसं आहे मॅडम,” मी म्हणाले. मला खरोखर अभिमान वाटला होता, आणि हे आठवलं की आज मला स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते.

मग तो शुक्रवार आला.

मी प्रयोगशाळेच्या स्वयंपाकघरात कॉफीचा मग घेऊन बसले होते. कानात आई होती. तिचं “जेवलीस काय” झालं होतं, “सेटर घाल” व्हायचं होतं. हो-हो करत मी दुसऱ्या हातानं मैत्रिणींचे स्टेटस सरकवत होते. इचलकरंजीच्या रसिकानं फोटो टाकला होता. पाटावर घासून मांडलेल्या समया, निरांजनं, कणकेचे दिवे. खाली लिहिलं होतं, दिव्यांची अवस.

अंधारच होत नसलेल्या त्या देशात मला तिथीचा पत्ताच राहिला नव्हता. मी फोटो बघून हसले. मग माझं हसू तसंच थांबलं.

कानात गिरणीचा पट्टा टकटकत होता.

अमावास्येला आप्पा गिरणीचा पट्टा चढवत नाहीत. जात्याला नारळ फोडतात, उदबत्ती लावतात, दार ओढून घेतात. दारात लग्नघर दळायला आलं तरी ते त्या दिवशी दळणार नाहीत. एकदा सरपंच अडून बसले होते, त्यांनाही आप्पांनी हात जोडून परत पाठवलं होतं. माझ्या जन्मात अवसेला आमची गिरणी फिरलेली नाही.

“आई,” मी म्हणाले, “गिरणी चालू आहे?”

“हाय की. आप्पा गिरणीत हायत.”

“आज अवस आहे ना?”

थोडा वेळ नुसता पट्टा वाजला. टक, टक, टक.

“नीट ऐकू ईना गं,” आई म्हणाली. “थंडी हाय काय तिकडं?”

आवाज आईचा होता. तो वाक्याच्या शेवटी थोडा वर जाणारा, दमेकरी असल्यासारखा पण मायेचा, माझ्या आईचाच आवाज. मी फोन टेबलावर ठेवला. मी फोनचं नेटवर्क बंद केलं, सगळं, वायफायसकट. वरच्या कोपऱ्यात विमानाची खूण आली. आता त्या फोनचा जगाशी काहीएक संबंध उरला नव्हता.

“सेटर घाल,” आई म्हणाली. “काळजी घे. आप्पा बरं हायत. ठिवू?”

मी किंचाळले असणार, कारण कॉरिडॉरमधून माणसं धावत आली. कानातलं मी उपटून फेकलं होतं. ते फरशीवर पडलं होतं आणि त्यातून बारीक आवाजात माझी आई मला जपून राहायला सांगत होती.

इर्याबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः माझा फोन संगणकाला जोडला. खरी आलेली पाकिटं तेवढीच फोनमध्ये साठवली जात, भरलेला आवाज वाजला की पुसून टाकला जाई, नाहीतर फोन दोन दिवसांत भरला असता. पडद्यावर हिरव्या रंगात खरी पाकिटं दिसत होती. मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत हिरवे ठिपके होते, विरळ का होईना. त्यानंतर एकही नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, आज नाही.

“हे कसं शक्य आहे?” बाई स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनाच उत्तर मिळालं आणि त्यांचा चेहरा उतरला. “खात्री. खात्री कमीच झाली नाही. नमुन्याला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पक्कं माहीत होतं की तुमची आई काय म्हणेल.”

“मंगळवारचं शेवटचं ऐकवा,” मी म्हणाले.

त्यांनी फक्त खरा आवाज वाजवला. पावसाचा मोठा आवाज आला आणि त्यातून आई. घाईत. धापत. “सुकू, अगं, आप्पांना जरा...” आणि पुढे काही नाही.

मला मंगळवार आठवला. मी लख्ख ऐकलं होतं, “आप्पांना जरा डोळा लागलाय.” मी म्हणाले होते, “बरं, झोपू दे.” आईची धापही मला ऐकू आली नव्हती. तो “डोळा लागलाय” माझ्या फोननं बनवला होता. आप्पा बऱ्याचदा संध्याकाळी लवंडायचे, आणि आई बऱ्याचदा तसं सांगायची.

“मग आई खरं काय म्हणाली?”

बाईंनी मान हलवली. ते वाक्य वाघखोलमध्येच राहिलं होतं.

“हे बंद करा,” मी ओरडले. “आत्ताच्या आत्ता बंद करा सगळं.”

त्यांनी केलं. दोन ओळींचा हुकूम होता. माझ्या फोनमधली सिल्ता मिटली. मग बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या आणि माझ्याकडे बघेनात.

“तुमच्या आईच्या फोनपर्यंत हा हुकूम पोचणार नाही,” त्या म्हणाल्या. “तिथे नेटवर्क नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिथे ती चालूच राहील. तिथला नमुना तुमच्या आईचं बोलणं फोनवरच ऐकतो. त्याला आपली गरज नाही.”

मला समजायला वेळ लागला. तिकडे दिवेलागण झाली की आईचा फोन जागा होत होता आणि मी बोलत होते. आई मला काहीतरी विचारत होती, सांगत होती, आणि मी उत्तरं देत होते. मी काय बोलत होते ते मला माहीत नव्हतं. मला आजवर अंधाराची, सापाची, परीक्षेची भीती वाटली होती. स्वतःच्या आवाजाची भीती वाटली नव्हती.

मी धनाजीदादाला दुसऱ्या फोनवरून साधा फोन लावला. त्याच्याकडे पाऊस वाजत होता.

“दादा, वाघखोलला जाऊन ये. आत्ता.”

“आता कसा जाऊ? ओढ्यावरचा साकव पाण्याखाली हाय. टावर मंगळवारी रातीच पडलाय, लाईट न्हाई, रस्ता न्हाई.” मग त्याचा आवाज बदलला. “तूच तर काल मेसेज केलास न्हवं, आईशी रोज बोलाल्ये, समदं ठीक हाय म्हणून? तहसीलदार ऑफिसातली माणसं विचारत होती कुणाशी संपर्क हाय काय, तर मीच सांगितलं, त्या नव्या यंत्रावरनं आमच्या सुकूचं बोलणं चालू हाय, वाघखोल बरं हाय. तवा त्यांनी होडी दुसरीकडं लावली.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सुकू? हायस काय?”

“दादा, ते बोलणं खरं नव्हतं. यंत्राचं होतं. आप्पांना काहीतरी झालंय. तू जा, पाया पडते तुझ्या.”

तो पुढे काही विचारत बसला नाही. आमच्या घरात मुलगी पाया पडते म्हणाली की माणसं उठतात.

त्यानंतरचे तास मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. इर्याबाई मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. त्यांनी सूप दिलं, ते माझ्यासमोर गार झालं. खिडकीबाहेर ऊन मावळायचं नाव घेत नव्हतं. मी सारखी एकच गोष्ट मनात घोळवत होते, आप्पांना जरा काय? जरा ताप आला. जरा लागलं. जरा कणकण आहे. मी शंभर वाक्यं बनवली आणि त्यातलं प्रत्येक आईच्या आवाजात ऐकलं. नमुना करत होता तेच मी करत होते, फक्त मला कशाचीच खात्री नव्हती.

दादा दुसऱ्या दिवशी दोरावरून ओढा ओलांडून गावात पोचला आणि परत खिंडीपलीकडे, दुसऱ्या टॉवरची कांडी मिळेपर्यंत चालत येऊन त्यानं फोन केला.

“सुकू, बस आधी कुठंतरी.”

“बसले.”

“आप्पा गेलं गं. बुधवारी पहाटं. छातीत दुखालतं मंगळवारपासनं.”

त्याला रडू आवरेना.

“गावानंच समदं केलं. पत्रा धरून, पावसात,” तो म्हणाला. “तुझी आई सावरलीया बघ. मलाच धीर देत होती. म्हणाली, सुकू रोज बोलती माझ्यासंगं, म्हणून हाय मी. यंत्राचं मी काय बोललो न्हाई.”

इर्याबाईंनी तिकीट काढून दिलं. विमानतळावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. प्रयोग कायमचा थांबवला आहे, सगळं लिहून वर कळवलं आहे, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, “मी तुमच्या आईला पत्र लिहीन. चूक आमची आहे, तुमची नाही, हे त्यांना कळलं पाहिजे.”

मी मान डोलावली. ते पत्र इंग्रजीत येणार, आणि आईला वाचून दाखवायची वेळ आली की दाखवणार मीच.

मी पोचले तोवर साकवावरचं पाणी उतरलं होतं आणि टॉवरही उभा राहिला होता. टॉवर सुरू झाला त्याच दिवशी आईच्या फोनमधली सिल्ता हुकूम मिळून बंद झाली, ते मला वाटेतच कळलं. गावात शिरताना पहिलं घर चंद्राक्काचं. तिनं मला बघून पदर डोळ्याला लावला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “आमच्या रंजीला निरोप दिलास न्हवं गं? पाणी चढलंय, बाळंतपणाला आत्ताच येऊ नको म्हणून? त्या चार दिसांत अख्ख्या गावात तुझाच तेवढा फोन लागत हुता. समद्यांनी तुझ्याकडनं निरोप धाडलं.”

तिची नजर माझ्यावर विश्वासानं खिळलेली होती. माझ्या तोंडून “हो” गेलं, आणि ते ऐकून मीच दचकले. मग पाठ फिरवून मी धनाजीदादाला घाईनं मेसेज केला, रंजीचं बघ. ती माहेरी यायला निघालीच नव्हती, सासरी सुखरूप होती. बाकी कुणी काय काय निरोप दिले होते, आणि मी कुणाकुणाला हो म्हटलं होतं, ते मला आजही पुरतं ठाऊक नाही.

आई चुलीपुढे बसली होती. कपाळ मोकळं होतं. मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि आम्ही दोघी पुष्कळ वेळ रडलो. दळणाचे डबे पडवीत तसेच रांगेनं उभे होते, आणि एवढी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती.

थोड्या वेळानं आई म्हणाली, “एक विचारू?”

“विचार की.”

“रागावून न्हवं हं. तुला मी म्हटलं, आप्पांना जरा छातीत दुखालंय, इथनं कुणाला फोन लागंना, तेवढा डॉक्टरास्नी फोन लावून गाडी धाडायला सांग. तू म्हणालीस, हो आई, करते. काळजी करू नको.” ती चुलीतलं लाकूड मागेपुढे करत होती. “पोरं आली हुती गं समदी. खुर्चीला बांबू लावून खिंडीपातूर उचलून नेतो म्हणाली. तवा पाणी साकवाच्या खाली हुतं. मीच म्हटलं, कशाला हाल करायचं त्यांचं. सुकूनं गाडी सांगितलीया. येईल इतक्यात.”

“विसरलीस काय?” आईनं विचारलं. तिच्या आवाजात दोष नव्हता, तेच मला सहन होईना. “व्हतंय बाळ. परमुलखात माणसाच्या ध्यानातनं जातंय.”

आता सांगावं, मी ठरवलं. आई, ती मी नव्हते. मी ऐकलंच नव्हतं. मी ऐकलं असतं तर आकाशपाताळ एक केलं असतं. मी तोंड उघडलंही होतं.

“पर एक हाय,” आई म्हणाली. “ते गेलं त्या दिशी तू जशी बोललीस ना, तसं कुणीच बोललं न्हाई. समद्या बायका मला रडू नको, रडू नको म्हणालत्या. तू म्हणाली न्हाईस. मला बोलू दिलंस. मी सांगत गेली नि तू ‘हो आई, हो आई’ करत ऐकत ऱ्हायलीस. घरात माणसं हुती, पर मी एकटी हुती बघ. तू हुतीस म्हणून ती रात गेली.”

ती माझ्याकडे वळली. तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात गरम होता, चुलीमुळे.

“आणि शेवटाला जे बोललीस, त्यावर मी दुसऱ्या दिशी चार घास खाल्लं. ते परत एकदा म्हण की सुकू. माझ्या ध्यानात हाय, पर तुझ्या तोंडनं समोर बसून ऐकायचंय.”

खरं सांगितलं तर मी सुटत होते, डॉक्टरचं ओझं माझ्यावरून उतरत होतं. आणि आईला कळणार होतं की नवरा गेला त्या रात्री ती ज्या लेकीच्या आधारावर बसली होती, ती लेक तिथे नव्हतीच. तिच्या हातात नुसता एक फोन होता, आणि पोटच्या पोरीचा आवाज तिला ओळखू आला नव्हता. मलाही तिचा आला नव्हता. हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

आई वाट बघत होती.

मी डोकं चालवायला लागले. तो नमुना मीच घडवला होता, माझ्याच बोलण्यावरून. मला त्याच्या आतला जोड न् जोड माहीत होता. अशा वेळी मी काय म्हणाले असते? नाही, मी नव्हे, माझ्याबद्दल पक्की खात्री असलेलं ते यंत्र काय म्हणालं असतं? मी तिचा हात घट्ट धरला.

“आई, मी आहे,” मी म्हणाले. “मी तुझ्याजवळच आहे. आप्पांना त्रास झाला नाही. तू जेवून घे. मी येते.”

आईनं डोळे मिटून ऐकलं. ऐकून झाल्यावरही तिनं ते थोडा वेळ तसेच मिटलेले ठेवले, अजून काही येतंय का ते बघत असल्यासारखे. मग उघडले.

“न्हवं,” ती म्हणाली, आणि माझी समजूत घालावी तसा तिनं माझा हात थोपटला. “त्या दिशी लई बरं बोलली हुतीस.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मला ताट वाढायला गेली.